मॉडेल आगगाड्यांचे जुने कॅटलॉग आणि त्यांची पाकिटे

मॉडेल आगगाड्यांचे जुने कॅटलॉग जमवून, ते नीट स्कॅन करून, इंटरनेटवर कोणालाही मोफत पाहता येतील असे ठेवण्याचे काम मी निवृत्तीनंतर हाती घेतले. नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाल्यामुळे नोंदी करणे, वर्गवारी लावणे आणि फाटके पान जपणे अंगवळणी पडले होते. आगगाड्यांचे ज्ञान मात्र या कामातूनच मिळत गेले. हे काम प्रत्यक्षात कसे करावे लागते आणि त्यात कोणत्या बाबतीत तडजोड करू नये, हे लिहून ठेवावेसे वाटते, कारण मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतून असे कागद अजूनही निघतात आणि बहुतेक वेळा थेट रद्दीवाल्याकडे जातात.

माझ्या संग्रहाचा गाभा मामांचा आहे. मामा गिरगावात राहत आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कचेरीत कारकून होते. 1950 च्या दशकात त्यांनी इंग्लंड आणि पश्चिम जर्मनीतल्या कंपन्यांना पत्रे लिहून कॅटलॉग मागवले. पत्रासोबत आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन जोडले की ते तिकडच्या टपाल कार्यालयात देऊन परतीच्या टपालाचे तिकीट घेता येत असे. ही सोय जागतिक टपाल संघटनेने 1907 पासून सुरू केलेली होती. काही कंपन्या त्या कूपनावर कॅटलॉग पाठवत, काही नुसतीच घडीपत्रिका पाठवत. गाडी मात्र मामांनी कधीही विकत घेतली नाही. सुरुवातीला किंमत परवडण्यासारखी नव्हती, आणि 1957 च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर जी कडक बंधने आली, त्यांच्यापुढे परदेशी खेळण्याचा विचारही करता येत नव्हता. त्यामुळे त्या घरात गाडीऐवजी कॅटलॉगच वाचला गेला, आणि तो किती वाचला गेला हे पानांच्या कोपऱ्यांवरून आजही कळते. समासात पेन्सिलीने रुळांचे आराखडे काढलेले आहेत, काही इंजिनांपुढे बारीक फुल्या आहेत, आणि एका दरपत्रकाच्या मागे शिलिंग-पेन्सचे रुपये-आण्यांत केलेले हिशेब आहेत.

मामांनी आणखी एक गोष्ट केली होती, जिचे मोल मला काम सुरू केल्यावर कळले. प्रत्येक कॅटलॉग त्यांनी ज्या पाकिटातून आला त्याच पाकिटात ठेवला होता. पाकिटावरचे तिकीट, टपालाचा शिक्का आणि मुंबईला पोहोचल्याचा शिक्का हे त्या कॅटलॉगच्या वयाचे पुरावे आहेत. मेर्कलिन या जर्मन कंपनीच्या ज्या एका इंग्रजी कॅटलॉगवर साल कुठेच छापलेले नाही, त्याच्या पाकिटावर ग्योपिंगेनचा शिक्का इतका स्वच्छ उमटलेला आहे की दिवस, महिना आणि साल तिन्ही वाचता येतात. ही कंपनी 1859 मध्ये याच गावात सुरू झाली आणि आजही तिथेच आहे. शिक्क्याच्या कडेला मामांच्या नावातली एक चूक टंकलेखकाने तशीच ठेवलेली आहे. मी पाकिटाच्या दोन्ही बाजू स्कॅन करते आणि घरचा पत्ता झाकून ती कॅटलॉगच्या पहिल्या पानाआधी जोडते.

गाभा घरचा असला तरी संग्रह तेवढ्यावर थांबला नाही. फोर्टमधल्या पदपथावरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते, पुण्याचा जुना बाजार, ओळखीतल्या लोकांची माळे आवरण्याची कामे, आणि ज्यांनी परदेशी नोकरी करताना मुलांसाठी गाड्या आणल्या अशी काही घरे, यांतून भर पडत गेली. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुले आहे, त्यामुळे हा छंद काय आहे हे निदान पुणेकरांना समजावून सांगावे लागत नाही. उरलेल्या उणिवा मी युरोपातल्या लिलावांतून भरून काढते, पण तिथे कॅटलॉगपेक्षा टपालखर्च अधिक पडतो, म्हणून जे वर्ष कोणीच खुले केलेले नाही तेवढेच मागवते.

कॅटलॉग पूर्ण असावा, हा माझा पहिला आणि सर्वांत पक्का नियम आहे. इंटरनेटवर मुखपृष्ठांची छायाचित्रे हवी तितकी सापडतात, आणि ती सुंदरही असतात, पण त्यांचा उपयोग फारच थोडा असतो. ज्याच्या हाती मूळ खोके नसलेले, क्रमांक पुसलेले इंजिन आहे, त्याला सतराव्या पानावरच्या कोपऱ्यातले चित्र हवे असते. म्हणून मागणीपत्र, कोरे पान, मधे घातलेली दुरुस्तीची चिठ्ठी, सुटे दरपत्रक आणि दुकानदाराचा रबरी शिक्का हे सगळे त्याच क्रमाने आले पाहिजे. दरपत्रक बहुतेक कंपन्या वेगळे छापत, कारण चित्रांचा कॅटलॉग अनेक देशांत चालत असे आणि किमती मात्र देशागणिक बदलत. नेमका हाच कागद सर्वांत आधी हरवतो. माझ्याकडे हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश मॉडेल गाड्यांच्या एका कॅटलॉगमध्ये मुंबईच्या विक्रेत्याने टंकलेखन करून घातलेले रुपये-आण्यांतले दरपत्रक आहे. भारतात दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून चालू झाली, त्यामुळे हा कागद त्याआधीचा आहे हे आपोआप ठरते, आणि मुंबईत हा माल कोणत्या भावाने विकला जात होता हे सांगणारा दुसरा पुरावा मला अजून मिळालेला नाही.

स्कॅनिंगचे काम मी दिवाळीनंतर सुरू करते आणि उन्हाळा संपेपर्यंत उरकते. मुंबईच्या पावसाळ्यात हे कॅटलॉग उघडायचेच नाहीत, असे मी ठरवून टाकले आहे. दमट हवेत चकचकीत कागदाची पाने एकमेकांना चिकटतात, आणि ओढून वेगळी केली की छपाईचा थर निघून येतो. कसर लागू नये म्हणून कपाट दर काही आठवड्यांनी रिकामे करून झटकावे लागते. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या असतील तर त्या कागदाला लागू न देता कापडी पुरचुंडीत ठेवाव्यात.

सर्वांत नाजूक भाग पिनांचा असतो. मधोमध शिवलेल्या पुस्तिकेच्या लोखंडी पिना आपल्याकडच्या हवेत गंजतात आणि त्यांच्याभोवतीचा कागद तांबूस होऊन ठिसूळ बनतो. पिन ओढून काढली तर भोक फाटते आणि मधले जोडपान सुटते. म्हणून मी पुस्तिका मधल्या पानावर उघडते, पिनेची वळलेली दोन्ही टोके बोथट, पातळ प्लास्टिकच्या पट्टीने एकेक करून सरळ उभी करते, मग पुस्तिका उलटी करून पाठीकडून पिन हलकेच उचलते. गंज झडला तर तो मऊ ब्रशने काढते; ओल्या कापडाने पुसण्याचा मोह टाळावा. स्कॅन झाल्यावर त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून पाने पुन्हा शिवते. नवी पिन लावत नाही. काही जण काम लवकर व्हावे म्हणून पाठ कापून पाने सुटी करतात; दुसरी प्रत हाताशी असली तरी मी हे करणार नाही, कारण दोन प्रती क्वचितच अगदी सारख्या असतात.

जुनी रंगीत छपाई बारीक ठिपक्यांची असते, आणि स्कॅनरचे ठिपके त्यांच्यावर आले की चित्रावर लाटांसारखे पट्टे उमटतात. इंचाला 300 बिंदूंवर स्कॅन केले तर ते हमखास दिसतात. मी इंचाला 600 बिंदूंवर स्कॅन करते, मूळ फाइल टिफ स्वरूपात जशीच्या तशी ठेवते, आणि वाचकांसाठी तिच्यावरून लहान प्रत करते. लहान करताना ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पट्टे बव्हंशी नाहीसे होतात. पानामागे काळा जाड कागद ठेवला की मागच्या पानावरचा मजकूर पुढे उमटत नाही. पहिल्या पानाबरोबर रंगांची प्रमाणपट्टी स्कॅन करते, म्हणजे पुढे कोणालाही रंग तपासता येतात.

पान पांढरेशुभ्र करण्याच्या मी विरुद्ध आहे. कागद पिवळा पडला असेल तर तो पिवळा दिसला पाहिजे. संगणकावर एक कळ दाबून पिवळेपणा काढता येतो हे खरे, पण त्याबरोबर समासातल्या फिकट पेन्सिलीच्या खुणाही जातात आणि इंजिनांचे हिरवे-तांबडे रंग अधिकच खोटे होतात. पानावर आडवे संकेतस्थळाचे नाव छापून ठेवण्याची पद्धतही मला पटत नाही. चित्र दुसऱ्याने काढले, छपाई दुसऱ्याने केली, आणि आपण फक्त काचेवर ठेवले, एवढ्यावर आपले नाव त्यावर उमटवण्याचा अधिकार येत नाही.

खरा वेळ जातो तो साल ठरवण्यात, आणि मला या कामातला हाच भाग सर्वांत आवडतो. काही कंपन्यांनी हे सोपे केले आहे. ट्राय-अँग या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या वार्षिक कॅटलॉगची पहिली आवृत्ती 1955 ची आणि आवृत्त्यांचे क्रमांक पुढे सलग चालले, त्यामुळे हॉर्नबीचे नाव जोडले गेल्यानंतरचा 1965 चा कॅटलॉग अकराव्या आवृत्तीचा ठरतो. हॉर्नबी डब्लो बनवणाऱ्या मेकॅनो कंपनीच्या, म्हणजे लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरून निघालेल्या छापील साहित्यावर मलपृष्ठाच्या किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी अत्यंत बारीक टाइपात तिरप्या रेघांनी विभागलेले आकडे असतात. त्यांतला मधला आकडा महिना आणि साल सांगतो. तिथे 755 असेल तर छपाई जुलै 1955 ची. हा आकडा भिंगाशिवाय वाचता येत नाही आणि कमी दर्जाच्या स्कॅनमध्ये तर तो नुसता काळा डाग होतो.

जिथे असे काही छापलेले नसते, तिथे चित्रे आणि किमती यांच्याकडून साक्ष काढावी लागते. किमती शिलिंग-पेन्समध्ये असतील तर ब्रिटिश कॅटलॉग 15 फेब्रुवारी 1971 पूर्वीचा, कारण त्या दिवसापासून तिथे दशमान चलन आले. खरेदीकराचा उल्लेख असेल तर एप्रिल 1973 पूर्वीचा, कारण तेव्हा त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली. पश्चिम जर्मनीच्या कॅटलॉगवर गावापुढे चार आकडी पिनकोड असेल, उदाहरणार्थ 7320 ग्योपिंगेन, तर तो 1960 च्या दशकातला किंवा नंतरचा, पण जुलै 1993 च्या आधीचा, कारण तेव्हा पाच आकडी पिनकोड आले.

चित्रांची साक्ष मात्र जपून घ्यावी लागते. पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने 1 जानेवारी 1968 पासून इंजिनांना संगणकाला मानवणारे नवे क्रमांक दिले. डिझेलचे व्ही 200 इंजिन 220 झाले, विजेचे ई 10 इंजिन 110 झाले. कॅटलॉगमधल्या इंजिनावर 220 दिसले तर तो 1968 च्या आधीचा असणे जवळजवळ अशक्य आहे, पण व्ही 200 दिसले म्हणून तो आधीचाच आहे असे ठरत नाही, कारण कंपन्या जुने साचे आणि जुनी चित्रे वर्षानुवर्षे वापरत. ब्रिटिश रेल्वेच्या बोधचिन्हाचेही तसेच: चाकावर उभा असलेला सिंह 1956 मध्ये बदलला, तरी खेळण्यांच्या चित्रांत तो त्यानंतरही रेंगाळला. चित्र आपल्याला एवढेच सांगते की कॅटलॉग अमुक सालापेक्षा जुना नाही. वरची मर्यादा किंमत, कर आणि टपालाचा शिक्का यांवरूनच मिळते, आणि म्हणूनच मी सुटे दरपत्रक आणि पाकीट यांच्यासाठी इतकी आग्रही आहे.

कॅटलॉगमध्ये आहे म्हणजे वस्तू त्या वर्षी विकली गेली, असेही समजू नये. हॉर्नबी डब्लोची सुरुवात 1938 मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षीच्या कॅटलॉगमध्ये 'डचेस ऑफ अ‍ॅथॉल' हे देखणे इंजिन जाहीर झाले. पण युद्ध सुरू झाले आणि ते इंजिन प्रत्यक्ष दुकानात आले ते युद्धानंतर, 1940 च्या दशकाच्या अखेरीस. युद्धापूर्वीचे इंजिन म्हणून कोणी ते विकायला काढले तर निव्वळ कॅटलॉगचे पान दाखवून भागत नाही. अशा ठिकाणी मी नोंदीत 'जाहीर' आणि 'विक्रीस उपलब्ध' असे दोन रकाने ठेवले आहेत आणि दुसरा रकाना पुरावा मिळेपर्यंत रिकामा ठेवते.

नोंदींमध्ये सर्वांत उपयोगी ठरली ती वस्तूंच्या क्रमांकांची सूची. लोक वर्षाने शोधत नाहीत, क्रमांकाने शोधतात. मजकूर ओळखणाऱ्या संगणकप्रणालीवर इथे भिस्त ठेवता येत नाही, कारण शून्य आणि इंग्रजी ओ यांत ती गल्लत करते, आणि या छंदात रुळांच्या मापांची नावेच (0, 00, एच0) शून्यांवर उभी आहेत. म्हणून सूची मी हाताने भरते. मेर्कलिनने 1957 मध्ये अक्षरांचे जुने क्रमांक टाकून चार आकडी क्रमांक सुरू केले, त्यामुळे त्या कंपनीसाठी जुन्या-नव्या क्रमांकांचे जोडपत्रक वेगळे करावे लागले.

त्या जोडपत्रकातल्या एका ओळीवर मी हवी त्यापेक्षा अधिक रेंगाळले. 1947 मध्ये सीसीएस 800 या क्रमांकाने आलेले आणि पुढे 3015 झालेले इंजिन म्हणजे स्वित्झर्लंडची प्रसिद्ध 'मगर'. लांब नाक पुढे, लांब नाक मागे, मधे चालकाची खोली, अशी तिची ठेवण आहे, आणि मूळ इंजिन गॉटहार्डच्या चढणीसाठी 1919 पासून बनवले गेले. मामांच्या प्रतीत या पानावर फुली नाही, समासात फक्त 'खेकडा' असे लिहिलेले आहे. कल्याणच्या पुढे कसारा आणि कर्जत-लोणावळा या घाटांत मालगाड्या ओढणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेच्या विजेच्या इंजिनांना आपल्याकडचे रेल्वे कामगार खेकडा म्हणत. तीही तशाच बांध्याची होती आणि त्यांतली पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातच तयार झाली होती. स्विस मगरीचा सांगाडाही त्याच कारखान्याचा. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्यांतले एक इंजिन आजही उभे आहे. ती नोंद मी स्कॅनमध्ये अर्थातच तशीच राहू दिली आणि तिचा खुलासा नोंदीत इंग्रजीत जोडला, कारण ते पान पाहणारे बहुतेक लोक युरोपातले असतात.

हक्कांचा प्रश्न टाळून हे काम करता येत नाही. कॅटलॉग जुना आहे म्हणजे तो मोकळा आहे, असे नसते. भारतात लेखकाचे नाव नसलेल्या प्रकाशनाला प्रकाशनानंतर 60 वर्षे संरक्षण असते, ब्रिटन आणि जर्मनीत सर्वसाधारणपणे 70 वर्षे. चित्रकाराचे नाव ठाऊक असेल तर गणना त्याच्या मृत्यूपासून होते. अनेक कंपन्या विकल्या गेल्या, त्यांची नावे दुसऱ्यांकडे गेली, पण हक्क कोणाकडे तरी असतातच. मी ज्या कंपन्या अस्तित्वात आहेत त्यांना कोणती वर्षे खुली करणार आहे याची यादी जोडून पत्र लिहिले. एका कंपनीने विक्री करू नये आणि बोधचिन्ह वेगळे काढून वापरू नये या अटींवर लेखी संमती दिली, आणि ते पत्र मी संग्रहासोबतच ठेवले आहे. जिथून उत्तर आले नाही तिथले मी तूर्त जुनेच कॅटलॉग खुले केले आहेत आणि हक्कदाराने कळवल्यास ते काढून घेईन असे स्पष्ट लिहिले आहे. स्कॅन केलेल्या फाइली डिस्कवर भरून विकणारे लोक आहेत. त्यांच्यामुळे कंपन्या सगळ्यांकडेच संशयाने पाहतात, हे मला मनापासून खटकते.

फाइली इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, एक प्रत घरच्या डिस्कवर आणि एक भाचीकडे बंगळूरला. प्रत्येक फाइलच्या नावात कंपनी, साल, देश आणि भाषा हे चार घटक याच क्रमाने येतात. देश आणि भाषा वेगळे ठेवावे लागतात, कारण मेर्कलिन एकाच वर्षी अनेक भाषांत कॅटलॉग काढी आणि फ्रेंच आवृत्ती बेल्जियमसाठीही असू शके. अशा आवृत्त्यांत किमतींबरोबर कधी कधी वस्तूही बदललेल्या असतात. साल नक्की नसेल तिथे मी दोन मर्यादा देते, अंदाजाने एक आकडा ठोकून देत नाही.

सध्या न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळाव्यात वाटल्या जाणाऱ्या नव्या वस्तूंच्या पत्रिकांचे काम चालू आहे. हा मेळावा 1950 पासून भरतो आणि तिथे वर्षाच्या सुरुवातीला जाहीर झालेल्या वस्तू शरद ऋतूतल्या मोठ्या कॅटलॉगमध्ये येईपर्यंत कधी रंग बदलतात, कधी गळून पडतात. ट्रिक्स आणि फ्लाइशमान या जर्मन कंपन्यांच्या 1950 च्या दशकातल्या पत्रिका मला फारच थोड्या मिळाल्या आहेत. मुंबईच्या विक्रेत्यांची रुपयांतली दरपत्रकेही हवी आहेत. कोणाच्या घरी असे कागद निघाले तर ते पाकिटातून बाहेर न काढता, पिना न काढता, आणि मधल्या सुट्या चिठ्ठ्यांसह तसेच ठेवावेत. मला मूळ कागद नको, काही दिवसांसाठी उसने मिळाले तरी पुरे, आणि स्कॅन करून ते शिवलेल्या स्थितीत परत मिळतील.